चौतीस नंबरची काच

चौतीस नंबरची काच मारोतीने तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डावा डोळा मिटला आणि उजवा भिंगाला लावला. आधी दोनदा जे दिसलं होतं तेच पुन्हा दिसलं. गोल असायला हव्यात त्या रक्तपेशींमध्ये बाकदार, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी पडल्या होत्या. एक नाही, दोन नाही, नजर जाईल तिथे. मॅडम त्यांना 'सिकल सेल' म्हणत, पोरं 'सिकलिंग' म्हणत आणि मारोती म्हणे 'इळे'. धान कापायचा विळा असतो ना, तोच आकार. दरवर्षी असे आठ-दहा नंबर निघायचे. "हं, आले इळे," म्हणून तो वहीत त्या नंबरापुढे फुली मारायचा आणि पुढची काच घ्यायचा.

आज फुली मारायला हात उठेना. चौतीस नंबर त्याच्या पोरीचा होता.

सकाळचे सव्वाआठ झाले होते. शरीररचना विभागाच्या वरच्या मजल्यावर या वेळी मारोती रामटेके एकटाच असे. खाली शवविच्छेदनाच्या हॉलला कुलूप होतं, पण फॉर्मालिनचा वास कुलपाला कधी जुमानत नाही. तो जिना चढून वर येऊन बसलेला असायचाच. डिसेंबरची थंडी पडली होती. खिडकीतून खालच्या रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या शंकर नगरकडे पळताना दिसत. रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती आणि नव्याने आलेल्या साहेबलोकांना सकाळपासूनच कुठे तरी पोचायची भलती घाई असायची. कॉलेजातही नवे पंखे आले, नवी पाटी लागली, जागा वाढल्या. वाढलेल्या जागांपैकी एका जागेवर दीक्षाचा नंबर लागला. ज्या विभागात बापाने सत्तावीस वर्षं काचा घासल्या, तिथेच पोरगी डॉक्टर व्हायला आली. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या गल्लीत मारोतीने तीन किलो पेढे वाटले आणि त्यातले पाव किलो स्वतःच खाल्ले.

पहिल्याच दिवशी त्याने तिला बजावलं होतं, "तिथं मले बाबा नको म्हणू. सगळे पोट्टे भैया म्हनतेत, तू बी भैयाच म्हन." तेव्हापासून कॉलेजात दीक्षा बापाला कशानेच हाक मारत नसे.

मारोतीचं शिक्षण नववी. नोकरीला लागला तो बाटल्या धुवायला. मग विभागातल्या म्हाताऱ्या हिरालालने त्याला हाताशी धरलं आणि मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप यंत्रावर काढायला शिकवलं. हिरालाल रिटायर झाला आणि ते यंत्र मारोतीच्या हाती आलं. यकृत, मूत्रपिंड, आतडं, मेंदू, सगळा माणूस त्याला असा कापाकापाने पाठ होता. काच नुसती उजेडात धरली तरी कशाची आहे ते तो सांगायचा. मात्र कोणती गोष्ट कशामुळे होते, हे वर्गात फळ्यावर चालायचं, आणि तेव्हा मारोती बाहेर काचा मांडत असायचा. त्याला आकार सगळे ठाऊक होते, कारण एकाचंही ठाऊक नव्हतं. आणि हे त्याला स्वतःला कधी जाणवलं नव्हतं, हीच खरी अडचण होती.

रक्ताचा हा प्रयोग खरं तर दुसऱ्या विभागाचा. पण विभागप्रमुख मॅडमचा आग्रह असा की शरीर शिकायची सुरुवात पेशीपासून करायची आणि पहिली पेशी आपल्याच बोटातली घ्यायची. आपल्याकडे पेशी वाकण्याचा हा दोष घरोघरी, तेव्हा डॉक्टर होणाऱ्यांनी आधी स्वतःचं पाहावं. बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब, त्यात औषधाचा थेंब, वर पातळ काच, आणि कडेने व्हॅसलीन लावून हवा बंद करायची. हवा बंद झाली की चांगल्या पेशी गोलच राहतात, दोष असलेल्या हळूहळू वाकतात. काही तासाभरात वाकतात, काही रात्र घेतात. म्हणून काचा रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वर्गाने पाहायच्या.

वर्गाआधी मारोती पाहून ठेवायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसासाठीच कोणी तरी केली असावी. एवढ्या वर्षांत मारोतीने स्वतःचा एक थेंबही कधी काचेवर घेतला नव्हता.

त्याने भिंगावरून डोळा काढला. गौतमचं रडणं त्याच्या कानात सुरू झालं होतं.

गौतम हा दीक्षाच्या आधीचा. दीड वर्षाचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली. पुढे डोळे पिवळे दिसायला लागले. थंडी पडली की पोरगा हाडं धरून रडायचा, आणि ते रडणं असं की शेजारी उठून यायचे. कोणी संधिवात म्हणालं, कोणी कावीळ. मालिश झाली, झाडपाला झाला, गळ्यात माळ घालून झाली. सातव्या वर्षी, अशाच एका डिसेंबरात, तीन दिवस कण्हून तो गेला. दीक्षा तेव्हा पोटात होती.

त्यानंतर सहा वर्षांनी मॅडमनी हा प्रयोग सुरू केला. मारोतीने पहिल्यांदा इळे पाहिले. थंडी, हाडदुखी, पिवळे डोळे, हे शब्द त्याच्या कानावर पडले आणि आपल्या पोराला काय झालं होतं ते त्याला त्या दिवशी कळलं. काचांचा ट्रे घेऊन तो दाराबाहेर उभा होता आणि आतून मॅडमचं एक वाक्य आलं, "यह माँ-बाप से आता है." एवढंच ऐकून तो पुढे गेला. नाक मायचं, उंची बापाची, असं आपण म्हणतोच. तसंच हेही दोघांतल्या कोणा तरी एकाकडून येत असणार, असं त्याने धरलं. आणि तो एक कोण, हे ठरवायला त्याला कॉलेज ते घर एवढा सायकलचा रस्ता पुरला. शेवंताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, धाकटा भाऊ शालिग्राम आमगावला राही. त्याला लहानपणापासून हाडदुखी. रामटेक्यांच्या घरात मात्र कोणाला साधं डोकं दुखलेलं मारोतीला आठवत नव्हतं.

"गौतम तुह्या माहेरच्या रक्तानं गेला," घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. शेवंता पोळ्या लाटत होती. तिने तव्यावरची पोळी उलटली. मारोतीची आई तेव्हा जिवंत होती, तिने मात्र ते वाक्य उचललं आणि मरेपर्यंत खाली ठेवलं नाही.

आमगावचं जाणं-येणं बंद झालं. शेवंताची आई एकदा पोह्यांची पिशवी घेऊन स्वतः दाराशी आली. तिला पाणी दिलं, चहा दिला, पण नातीला तिच्या मांडीवर बसू दिलं नाही. त्यानंतर म्हातारी आली नाही, नुसते निरोप पाठवत राहिली. पाच वर्षांपूर्वी ती गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला तेव्हा मारोती म्हणाला, "जायचं तं जाय. पोरगी इथंच राहीन." शेवंता एकटी पॅसेंजरने गेली. ती पोचली तेव्हा लोक स्मशानातून परत येत होते.

आणि एवढं सगळं करूनही ते रक्त पोरीपर्यंत आलंच होतं. मारोतीला आधी भीती वाटली, मग राग आला. भीती पोरीसाठी होती आणि राग, नेहमीप्रमाणे, शेवंताच्या माहेरावर.

अकरा वाजता वर्ग भरेल, मॅडम हात वर करायला सांगतील, पन्नास पोरं पाहतील. दीक्षाच्या नावापुढे फुली पडेल. ही गोष्ट गल्लीत यायला आठ दिवस लागणार नाहीत, आणि मग पोरीला स्थळ म्हणून कोणी दारात उभं करणार नाही. हे मारोतीला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यानेही एका घराला असंच दारातून दूर ठेवलं होतं.

त्याने चौतीस नंबरची काच उचलली आणि साबणाच्या पाण्याच्या तसराळ्यात सोडली.

मग त्याने नवी काच पुसली, स्पिरिटच्या बोळ्याने डाव्या हाताचा अंगठा चोळला आणि सुई मारली. ताजं रक्त हवं होतं, आणि या इमारतीत त्याच्या खात्रीचं रक्त एकच होतं. त्रेपन्न वर्षांचं, कधी आजारी न पडलेलं, रामटेक्यांचं. थेंब, औषध, वरची काच, व्हॅसलीन. चौतीस हा आकडा त्याने दीक्षाच्या वळणाने काढायचा प्रयत्न केला आणि काच ट्रेमध्ये जागेवर ठेवली. काम नेहमीसारखं नेटकं झालं. रक्त कोणाचं, याच्याशी हातांना काय देणंघेणं!

अकरा वाजता पोरं आली. मॅडम आल्या. प्रत्येकाने आपापली काच घेतली आणि खोलीत स्टुलं सरकवल्याचा आवाज झाला. मारोती कपाटाशी जाऊन उभा राहिला. तिथून दीक्षाची पाठ आणि घट्ट वेणी तेवढी दिसत होती.

"जिनका निकला है, हाथ ऊपर," मॅडम म्हणाल्या. "शरमाना नहीं है. किसी ने चोरी नहीं की है."

चोराच्या मनात चांदणं. मारोतीने उगाच कपाटाचं दार उघडून बंद केलं. एक हात वर झाला, दुसरा झाला, मग मागच्या बाकावरचे दोन. दीक्षाचा नाही. ती अजून भिंगाचा स्क्रू फिरवत होती. तिला सावकाश पाहायची सवय होती, तीही त्याच्यासारखीच. मग तिने डोळा काढला, चष्मा लावला, पुन्हा काढला, पुन्हा वाकली. आणि न वळता, हात वर न करता, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा."

पन्नास डोकी वळली.

मारोती गेला. आपली पोरगी पहिल्यांदाच पाहते आहे, धुळीचा कण दिसला असेल, व्हॅसलीन आत गेलं असेल, असं म्हणत तो वाकला, डावा डोळा मिटला.

इळे होते. सकाळच्या काचेत होते तितकेच.

त्याला वाटलं, आपण काच बदललीच नाही. घाबरून चुकीची टाकली. तो ताठ झाला आणि कोणाकडेही न पाहता मागच्या मोरीत गेला. तसराळ्यात हात घातला. साबणाच्या थंड पाण्याच्या तळाशी काच होती आणि तिच्यावर दीक्षाच्या अक्षरात चौतीस लिहिलेलं होतं. पाणी अंगठ्याच्या टोचलेल्या जागेला झोंबलं.

म्हणजे आत, भिंगाखाली, त्याचं रक्त होतं.

आतून मॅडमचा आवाज येत होता. घाबरायचं काही नाही, ज्यांचं निघालं त्यांनी आज दुसऱ्या तपासणीसाठी दंडातून रक्त द्यायचं. दोषाचा एक हिस्सा आहे की दोन, ते त्यात कळेल. मग वर्ग सुटला आणि दीक्षा मोरीच्या दारात आली. ती त्याच्याशी नेहमी हिंदीतच बोलायची. मराठी तिला सगळी कळे, पण जिभेवर येत नसे.

"आप रो क्यों रहे हो? मुझे कुछ नहीं होगा. दो हिस्से होते तो अठारह साल में पता चल गया होता. एक ही होगा."

"ते काच तुही नव्हती," मारोती म्हणाला.

"मतलब?"

"तुही म्या सकाळी पाह्यली. तिच्यात बी इळे होते. म्हणून धुऊन टाकली. अन् तिच्या जागी माह्यं रक्त ठेवलं."

दीक्षाने तसराळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या अंगठ्याकडे. आधी तिच्या चेहऱ्यावर रागच आला. "बाबा, आपका दिमाग ठीक है? मुझे पता ही नहीं चलता! कल को मैं ऐसे ही किसी सिकलिंग वाले से शादी कर लेती तो? फिर से एक गौतम भैया होता इस घर में!" एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिच्या डोक्यात जुळत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "रुको. मतलब आपमें भी है."

"पण ते तं तुह्या मायकडलं हाये ना? शालिग्राममामाले हाये. मॅडमच म्हनते दरसाल, माँ-बाप से आता है."

"हाँ, माँ-बाप से."

"म्हणजे दोघांतल्या एकाकडून."

"नहीं बाबा." दीक्षाचा आवाज एकदम खाली आला. "माँ *या* बाप नहीं. माँ *और* बाप. एक से मिले तो आदमी चलता-फिरता रहता है, जैसे आप. जैसे मैं. बीमार होने के लिए दोनों से मिलना पड़ता है. गौतम भैया को एक हिस्सा माँ ने दिया और एक आपने. आधा-आधा."

बारा वर्षांपूर्वी ट्रे घेऊन मारोती दाराबाहेर आणखी दोन मिनिटं थांबला असता तर हे त्याला तेव्हाच कळलं असतं. दोन मिनिटं. ट्रे तसा जडही नव्हता.

"नानी आई थी ना एक बार," दीक्षा म्हणाली, "पोहा लेके. मैं उनके पास जा रही थी और आपने मेरा हाथ पकड़ लिया था. मुझे याद है." तिने चष्मा पुसला. "मैं जा रही हूँ खून देने. माँ को आप बताओगे. आज ही. मैं नहीं बताऊँगी."

त्या दुपारी मारोतीने यंत्रावर मूत्रपिंडाचा एक ठोकळा लावला आणि तो सगळा वाया घालवला. काप फाटत होते. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. पाचला तो निघाला. समता कॉलोनीपर्यंत सायकलवर बसून गेला आणि पुढे का कोण जाणे, उतरून सायकल हातात धरून चालत राहिला. जितका उशीर होईल तितका बरा, असं त्याला वाटत होतं. पण रायपूर कितीही मोठं झालं तरी पुरानी बस्ती होती तिथेच होती.

शेवंता मागच्या पडवीत नव्या तांदळातले खडे निवडत होती. दीक्षा आधीच आली होती आणि उंबऱ्यावर वही उघडून बसली होती, वाचत नव्हती. मारोती पायरीवर बसला. चप्पलही काढायची राहिली.

"आयकून घे," तो म्हणाला.

"आयकून राहिली ना. बोला."

त्याने सांगितलं. काच, साबणाचं पाणी, अंगठा, इळे, सगळं सांगितलं. मधे दोनदा अडखळला. 'या' आणि 'और' सांगताना तर त्याला घाम आला. शेवंताचे हात सुपात फिरत राहिले. त्याचं बोलणं संपलं तेव्हा तिने एक खडा काढून बाजूला टाकला.

"म्हणजे तुमच्यात बी हाये."

"हव."

"किती?"

"अर्धं. अन् तुह्यात अर्धं."

"माह्यं कोणी पाह्यलं?"

"पाह्यलं नाही. पण गौतम गेला, त्यावरून..."

"पाह्यलं नाही," शेवंता म्हणाली. पहिल्यांदा तिने सूप खाली ठेवलं. "साऱ्या रायपूरच्या पोट्ट्यायचं रक्त पाहून राहिले तुमी. माह्यं बोट एकडाव टोचून पाह्यचं होतं ना. म्या नाही म्हटलं असतं काय? माह्यं पाह्यलं असतं तं तुमचं बी पाह्यलं असतं. तवाच झालं असतं सारं."

"चुकलं माह्यं," मारोती म्हणाला. "लय चुकलं, शेवंता. म्या तुले उगाच..."

"या पोरीचं बोट चाकूनं कापलं तरी मी तोंड फिरवो," शेवंता त्याच्याकडे न पाहता बोलत होती. "मले वाटे, हे माह्यं रक्त हाये. याच्यानंच एक गेला, आता हे बी जाईन. बारा वर्सं मी तिचं रक्त पाह्यलं नाही."

उंबऱ्यावर दीक्षा रडत होती. आवाज न करता, चष्मा हातात घेऊन. तिचा दंड कापसाचा बोळा लावून बांधला होता. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. घरात तिघं होती आणि कोणीच कोणाला हात लावत नव्हतं.

मारोतीला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल. तिने दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण शेवंताने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "लिहून द्या."

"काय?"

"हेच. तुमचं रक्त पाह्यलं अन् तुमच्यात बी निंगालं, म्हणून लिहून द्या. सकाळच्या गाडीनं मी आमगावले जातो. तोंडानं सांगून शालिग्राम नाही मानणार. इतके दिवस तुमी तोंडानंच सांगत होते."

दीक्षाने न विचारता वहीचं पान फाडून पुढे केलं, पेनही दिलं. मारोतीने सत्तावीस वर्षांत काचांवर आकडे आणि नावं यांच्याशिवाय फारसं काही लिहिलं नव्हतं. त्याने पान गुडघ्यावर घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं:

'मारोती तुकाराम रामटेके, वय ५३. रक्त तपासले. दोष आहे. मुलगा गौतम यास आजार दोघांकडून आला. एकट्या शेवंताच्या माहेरकडून आला नाही. मी बोललो ते खोटे होते.'

खाली सही केली आणि सवयीने त्या दिवसाची तारीख टाकली.

शेवंता चौथी शिकलेली. तिने उठून कागद उजेडाकडे धरला आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचला. 'गौतम'वर बोट थोडं थांबलं, मग पुढे सरकलं. शेवटी तारखेपाशी आलं. तिने कागद परत दिला.

"आजची नको."

"मंग?"

"माही माय जित्ती होती तवाची टाका."

मारोतीने मान वर केली. ती गंमत करत नव्हती, भांडतही नव्हती. ऑफिसातल्या खिडकीवर एखादी बाई चूक दाखवून फॉर्म परत करते, तशी उभी होती.

"कोणती टाकू?" त्याने विचारलं.

"कोणती बी टाका," शेवंता म्हणाली. "लय दिवस वाट पाह्यली तिनं."

मारोतीने आजची तारीख खोडली. पेन कागदावर टेकवलं, पण आकडा उमटेना. शेवंता त्याच्यासमोर येऊन बसली आणि तो लिहायची वाट पाहू लागली.